डीप पर्पल आणि हरवलेलं बाड

मागच्या महिन्यात एका मित्राच्या बँडमध्ये फाटाफूट व्हायची वेळ आली. कारण काय, तर व्हायोलिन. तेही खरं नाही, लॅपटॉपमधलं.

झालं असं, की कोथरूडच्या एका जॅमरूममध्ये (भाडं तासावर, एसी बंद, भिंतींना गाद्या) यांची प्रॅक्टिस चालू होती आणि ‘बाहेरचं मत’ म्हणून मला बोलावलेलं. चार वर्षं ही पोरं गिटार-बेस-ड्रम्सवर सुखात होती. मग नव्यानं आलेल्या कीबोर्डवाल्यानं त्यांच्या एका गाण्यावर स्ट्रिंग्जचा ट्रॅक चढवून आणला. प्लग-इनमधली साठेक व्हायोलिनं, वर कॉयर, खाली ढणाढण टिंपनी. चार मिनिटांचं साधंसुधं गाणं एकदम एखाद्या पौराणिक सिनेमाच्या ट्रेलरसारखं वाजायला लागलं. गायक जाम खूश. ड्रमरनं मात्र स्टिक्स खाली ठेवल्या आणि म्हणाला, ‘‘भारी आहे. पण यात आपण कुठे आहोत?’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ही गाण्यांवर लिहिते, म्हणजे हिला कळत असणार, असा त्यांचा गोड गैरसमज. मी चहा मागवला आणि विषय टाळला.

घरी आल्यावर मात्र तो ड्रमर डोक्यातून जाईना. कारण हे भांडण नवीन नव्हतंच. सेम टु सेम हेच भांडण १९६९ साली लंडनमध्ये झालं होतं. आणि ज्या बँडमध्ये झालं, त्या बँडची रिफ या सगळ्यांनी आयुष्यात सर्वांत आधी शिकलेली आहे. ‘स्मोक ऑन द वॉटर’. गिटार क्लासच्या पहिल्या महिन्यात सर काहीही शिकवोत, पोरगं घरी येऊन वाजवतं ते हेच. सोसायटीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही ती रिफ एव्हाना पाठ असते. बिचाऱ्यांना नाव माहीत नसतं, एवढंच.

तर बँड म्हणजे अर्थातच डीप पर्पल. ‘स्मोक...’ आलं १९७२ च्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये. त्याच्या तीन वर्षं आधी याच लोकांनी चक्क रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राला सोबत घेऊन, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, तीन भागांचा एक अख्खा कॉन्सर्टो वाजवला होता. नाव ‘कॉन्सर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’. तारीख २४ सप्टेंबर १९६९.

(इथे एक खुलासा केलेला बरा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं, की गणपतीतला मंडप, चकचकीत कोटातला निवेदक आणि किशोरकुमारचा आवाज काढणारा कुणीतरी काका एवढंच डोळ्यांपुढे येतं. मीही बरीच मोठी होईपर्यंत याच समजात होते. इथे म्हणायचंय तो दुसरा ऑर्केस्ट्रा. काळे कोट, समोर कागद, मधोमध काठी हलवणारा माणूस.)

या सगळ्या उद्योगामागचा माणूस म्हणजे जॉन लॉर्ड. डीप पर्पलचा ऑर्गनवाला. जन्म १९४१, गाव लेस्टर, लहानपणापासून पियानोचं रीतसर शिक्षण. लंडनला आला तो ॲक्टिंग शिकायला आणि रमला क्लबांमध्ये. पण कानात बाख होताच. ‘बर्नस्टाइन प्लेज ब्रुबेक प्लेज बर्नस्टाइन’ नावाची एक रेकॉर्ड त्याच्या डोक्यात बसली होती. तिच्यात डेव्ह ब्रुबेकचा जॅझ क्वार्टेट आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक एकत्र वाजवतात. जॅझवाले करू शकतात, तर आपण का नाही, असं त्याला वाटायचं. १९६९ च्याच एका अल्बममध्ये ‘एप्रिल’ नावाच्या बारा मिनिटांच्या गाण्याच्या मधल्या भागात त्यानं स्ट्रिंग्ज आणि बासऱ्या-बिसऱ्या घालून हात साफ करून घेतला होता. अख्खा कॉन्सर्टो हे मात्र स्वप्नच. आपण नाही का मित्रांना सांगत, ‘एक दिवस मी नोकरी सोडून कॅफे काढणार’, तसलं.

प्रॉब्लेम असा झाला, की हे स्वप्न त्यानं मॅनेजर टोनी एडवर्ड्सला बोलून दाखवलं. एडवर्ड्स गडी खमका. त्यानं थेट अल्बर्ट हॉल बुक केला आणि येऊन लॉर्डला तारीख सांगितली. घ्या! आता लिहा.

हा सीन मला फार आवडतो. कारण तोपर्यंत या बँडची अवस्था काही फार बरी नव्हती. ‘हश’ हे एक गाणं १९६८ मध्ये अमेरिकेत चौथ्या नंबरापर्यंत गेलेलं, पण मायदेशात कुणी फारसं विचारत नव्हतं. जी अमेरिकन रेकॉर्ड कंपनी त्यांच्यावर पैसे लावत होती ती स्वतःच डबघाईला आलेली (पुढे बुडालीच). त्यात जुना गायक आणि जुना बेसिस्ट काढून त्यांच्या जागी इयान गिलन आणि रॉजर ग्लोव्हर यांना येऊन जेमतेम तीन महिने झालेले. म्हणजे घरात नवे पाहुणे, खिशात पैसे नाहीत आणि मालकानं लग्नाचा हॉल बुक केलाय.

लॉर्ड दिवसा बँडबरोबर फिरायचा आणि गिग आटोपून घरी आल्यावर रात्री लिहीत बसायचा. ऑर्केस्ट्रासाठी लिहायचं म्हणजे काय, ते जरा समजून घ्या. बँडमध्ये कसं असतं, एकजण रिफ वाजवतो, दुसरा मान डोलावतो, तिसरा म्हणतो ‘इथे जरा थांबू या’ आणि गाणं होतं. कागद नाही, काही नाही. ऑर्केस्ट्रात असलं चालत नाही. दुसऱ्या रांगेतल्या क्लॅरिनेटवाल्यानं नेमक्या कितव्या मात्रेला श्वास घ्यायचा, हेसुद्धा लिहून द्यावं लागतं. प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद आणि सगळ्यांचं मिळून कंडक्टरसमोर एक जाडजूड बाड, ज्याला स्कोअर म्हणतात. त्या बाडाची एकच मूळ प्रत होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कंडक्टर म्हणून मिळाले माल्कम अर्नोल्ड. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळवलेले, स्वतः सिंफनी लिहिणारे, आणि त्याआधी ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवून पोट भरलेले. म्हणजे वादकांची नस ठाऊक असलेला माणूस. त्याची गरजही होती. तालमी मोजक्याच आणि त्याही वाईट. फिलहार्मोनिकच्या मंडळींनी या लांब केसवाल्यांकडे बघून नाकं मुरडली आणि मुद्दाम आळसावून वाजवायला लागले. शेवटी अर्नोल्डसाहेबांनी त्यांना छापता येणार नाही अशा शब्दांत झापलं. लॉर्ड हे पुढे आयुष्यभर कौतुकानं सांगायचा.

आणि गिलनसाहेब? दुसऱ्या भागात त्याला गायचं होतं. शब्द त्यानंच लिहायचे होते. ते त्यानं लिहिले कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारी, रेस्टॉरंटमध्ये, वाइनच्या साक्षीनं. डेडलाइनच्या दिवशी दुपारी लिहिणाऱ्या माणसाबद्दल मी काय वाईट बोलणार!

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. आधी अर्नोल्ड यांची स्वतःची सहावी सिंफनी झाली. मग पर्पलनं एकट्यानं तीन गाणी वाजवली. ‘हश’, ‘रिंग दॅट नेक’ आणि तेव्हा नवंकोरं असलेलं ‘चाइल्ड इन टाइम’. आणि मग कॉन्सर्टो. बीबीसीनं तो शूट केला, म्हणून आज आपल्याला बघताही येतो. कॅमेरा फिरतो तेव्हा एकाच फ्रेममध्ये बो-टाय घातलेले चेलोवाले आणि काळ्या कपड्यांतला, गिटारवर खाली मान घालून वाजवणारा रिची ब्लॅकमोर दिसतो. दोन वेगळ्या लग्नांची वऱ्हाडं चुकून एकाच मंडपात शिरल्यासारखी.

लॉर्डची कल्पना साधी होती. पहिल्या भागात ग्रुप आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांचे विरोधक. दुसऱ्यात, म्हणजे संथ भागात, ओळख वाढते, एकाची धून दुसरा आपल्या ढंगानं म्हणून बघतो, गिलन गातो. तिसऱ्यात दोघं मिळून जीव तोडून पळत सुटतात आणि मध्येच इयान पेस ड्रम सोलो घेतो. पेस तेव्हा एकवीस वर्षांचा. त्या सोलोच्या वेळी पाठीमागचे वादक बघा. सकाळी नाकं मुरडणारे हेच ना?

हा कॉन्सर्टो ‘ग्रेट’ आहे का? माझं प्रामाणिक मत, पूर्ण नाही. पहिला भाग फार लांबतो. ऑर्केस्ट्रा बराच वेळ एकटाच वाजवत बसतो, मग धाडकन बँड सुरू होतो, मग बँड थांबतो, पुन्हा ऑर्केस्ट्रा. पंगतीसारखं. आधी मुलाकडचे जेवून घ्या, मग मुलीकडचे बसा. एकत्र ताट कुणी वाढतच नाही. सांधे दिसतात. पण त्याचं कारण नुसतं लॉर्डचं अननुभवी असणं नाही, असं मला आता वाटतं. दोन्ही आवाज एकत्र वाजवणं हीच मुळात भयंकर अवघड गोष्ट आहे.

व्हायोलिनवाल्याच्या हातात व्हॉल्यूमचं बटण नसतं. आवाज मोठा हवा तर माणसं वाढवायची, म्हणून तर एका सुरासाठी वीस-वीस जण बसलेले असतात. उलट गिटारवाल्याला एक मार्शल ॲम्प दिला, की तो एकटा त्या सगळ्यांना झोपवू शकतो. (हाच बँड पुढे १९७२ च्या लंडनमधल्या एका कार्यक्रमातल्या ११७ डेसिबलसाठी जगातला सगळ्यात कर्कश, सॉरी, सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकात गेला.) त्यात डिस्टॉर्शन. डिस्टॉर्शननं एका सुराला इतके हार्मोनिक्स चिकटतात, की मधली सगळी जागा भरून जाते. आणि चेलो, व्हायोला, हॉर्न राहायला असतात नेमके त्याच जागेत. भाडेकरूच्या घरात कुणीतरी सोफासेट आणून टाकावा तसं होतं. शिवाय तालाची भानगड वेगळीच. ऑर्केस्ट्रा कंडक्टरच्या काठीच्या किंचित मागून वाजतो, तशीच त्यांची सवय. ड्रमर बरोबर ठोक्यावर. मग कुणी कुणाचं ऐकायचं? त्यावर अल्बर्ट हॉलचा तो कुप्रसिद्ध घुमणारा आवाज. घुमटाखाली फायबर ग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या लटकवून तो घुमणं कमी करायचा प्रयत्न त्याच वर्षी, १९६९ मध्येच झाला. या सगळ्यात लॉर्डनं ‘आधी तुम्ही, मग आम्ही’ हा मार्ग घेतला, तर त्याला कितपत दोष द्यायचा?

तीस वर्षांनी मेटॅलिकानं नेमकं उलट केलं. एप्रिल १९९९, बर्कली, सॅन फ्रान्सिस्को सिंफनी आणि मायकल केमन हा अरेंजर-कंडक्टर. अल्बमचं नाव ‘एस अँड एम’. केमननं बँडच्या तयार गाण्यांवर ऑर्केस्ट्राची समांतर गाणीच लिहिली आणि दोघांना एकाच वेळी वाजवायला लावलं. माझ्या मोठ्या आतेभावाच्या हार्ड डिस्कमधून मी तो आठवीत असताना ढापला. ‘कॉल ऑफ क्थुलू’ आणि ‘नो लीफ क्लोव्हर’ ऐकताना अंगावर काटा आला होता, अजूनही येतो. पण ‘मास्टर ऑफ पपेट्स’सारख्या तुफान गाण्यांत ते शंभरेक वादक मला गर्दीत हात वर करून ओरडणाऱ्या माणसांसारखे वाटतात. दिसतात, पण काय म्हणतायत ते कळत नाही. थोडक्यात काय, पंगत बसवली तर सांधे दिसतात आणि सगळ्यांना एकदम बसवलं तर चेंगराचेंगरी.

असो. परत १९६९ कडे.

कार्यक्रम गाजला. प्रेसमध्ये नाव झालं, अल्बम ब्रिटनच्या चार्टमध्ये आला. म्हणजे बँड आता खूश असायला हवा. पण झालं उलटंच. ब्लॅकमोर आणि गिलन वैतागले. कारण सगळीकडे फोटो लॉर्डचे, मुलाखती लॉर्डच्या, आणि लोकांना वाटायला लागलं, की हा ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारा बँड आहे. पाचजणांच्या घरात एकाच्या नावाची पाटी लागली. माझ्या मित्राच्या ड्रमरनं विचारलं होतं ना, ‘यात आपण कुठे आहोत’? तोच प्रश्न. फक्त इंग्लिशमध्ये आणि बहुधा जास्त शिव्या घालून.

यावर ब्लॅकमोरनं पैज लावली. पुढचा अल्बम पूर्ण रॉक करायचा. जोरात, कसलीही भेसळ नाही. तो आपटला तर मी आयुष्यभर ऑर्केस्ट्राबरोबर वाजवीन. लॉर्ड मोठ्या मनाचा, हो म्हणाला. जून १९७० मध्ये ‘इन रॉक’ आला. कव्हरवर माउंट रशमोरच्या डोंगरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या जागी या पाचजणांची तोंडं. ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरापर्यंत गेला. ब्लॅकमोर पैज जिंकला. हार्ड रॉक आणि हेवी मेटल म्हणून आपण जे काही ऐकतो, त्याच्या पायाभरणीच्या मोजक्या अल्बममध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

सहसा ही गोष्ट इथे संपवतात. बघा, ऑर्केस्ट्राचं खूळ गेलं आणि बँड सुधारला! मला हे पटत नाही. ‘इन रॉक’मधला लॉर्डचा ऑर्गन नीट ऐका. त्यात तो माणूस संपूर्ण ऑर्केस्ट्राच्या जागी एकटा उभा आहे. पुढे त्यानं आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्पमधून वाजवायला सुरुवात केली आणि ‘स्मोक...’च्या रिफमध्ये गिटारला लागून जो दुसरा खरखरीत, जाड थर ऐकू येतो तो हाच. म्हणजे गिटारवाल्याला आपल्या जागेत सोफासेट टाकू न देता लॉर्डनं तोच सोफासेट उचलला. साठ व्हायोलिनं आणून जे जमलं नव्हतं, ते ऑर्गनला ओरडायला शिकवून जमलं. अल्बर्ट हॉलमध्ये तोंडावर आपटला नसता तर त्याला ते सुचलं असतं का, मला शंका आहे.

आणि ब्लॅकमोर? व्हायोलिनांच्या नावानं बोटं मोडणारा हा गृहस्थ डीप पर्पल सोडून ‘रेनबो’ काढतो आणि १९७६ मध्ये ‘स्टारगेझर’ या गाण्यासाठी कुणाला बोलावतो? म्युनिक फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राला! आठ मिनिटांचं ते गाणं म्हणजे रॉक आणि ऑर्केस्ट्रा एकत्र वाजण्याचा माझ्या मते सगळ्यात सुंदर नमुना आहे. कारण तिथे वादक गाण्याच्या पोटातून वर येतात, आणि शेवटी आभाळ भरून आल्यासारखे सगळीकडे पसरतात. कुणी कुणाची पंगत उठवत नाही. त्याला ऑर्केस्ट्रा कधी नकोच नव्हता. त्याला दुसऱ्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची नव्हती. बँडमधली निम्मी भांडणं ‘म्युझिकल डिफरन्सेस’ या नावाखाली अशीच खपतात.

आता त्या बाडाकडे येऊ.

२५ ऑगस्ट १९७० ला लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये कॉन्सर्टो दुसऱ्यांदा वाजला. त्यानंतर स्कोअर हरवला. कुठे, कसा, कुणाच्या हातून, कुणालाच पत्ता नाही. लॉर्डनं नंतर वर्षानुवर्षं चौकशी केली. रात्री जागून लिहिलेली ती एकुलती एक प्रत गेली ती गेलीच. रेकॉर्ड होती, फिल्म होती, पण वाजवायला कागद नाही. आणि कागद नाही म्हणजे ऑर्केस्ट्राच्या जगात ती रचनाच नाही.

हे वाचताना मला आपल्या हिंदी सिनेमाचे गोवेकर अरेंजर आठवतात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही मंडळी. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत एका बाजूला कानावर वाजवणारे सतारिये-तबलजी आणि दुसऱ्या बाजूला कागद बघून वाजवणारे व्हायोलिनवाले. दोघांना एकाच गाण्यात नांदवायचं काम हे लोक वर्षानुवर्षं करत होते, तेही सकाळी लिहून दुपारी रेकॉर्ड करायच्या हिशेबानं. लॉर्डला अल्बर्ट हॉलमध्ये जे जड गेलं, ते यांचं रोजचं ऑफिस होतं. आणि त्यांच्या हातचे ते कागद? गाणं रेकॉर्ड झालं की काम संपलं. बरेच कागद कुणी जपलेच नाहीत. गाणी घराघरात, कागद रद्दीत. आज ती गाणी स्टेजवर जशीच्या तशी वाजवायची असतील, तर कुणालातरी बसून कानानं ऐकून पुन्हा लिहून काढावी लागतात.

डीप पर्पलच्या बाबतीतही शेवटी तेच झालं. मार्को द गोई नावाच्या एका तरुण डच संगीतकारानं हट्टच धरला. रेकॉर्ड लावायची, व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा ऐकायचं आणि एकेक वाद्य वेगळं काढून लिहायचं. चाळीसएक मिनिटांपेक्षा जास्त संगीत, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा, त्यात गिटारचा गोंगाट, ड्रम्सचा दणका आणि १९६९ चं रेकॉर्डिंग. ऐकू येत नसेल तिथे व्हिडिओत कोणाचा बो हलतोय ते बघायचं. करून बघा, नुसत्या दहा सेकंदांचं. मी बघितलं. दोन क्लॅरिनेट आहेत की एक, यावरच माझी संध्याकाळ गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं हे काम लॉर्डसमोर ठेवलं. मग लॉर्ड आणि कंडक्टर पॉल मान यांनी मिळून गाळलेल्या जागा भरल्या.

२५ आणि २६ सप्टेंबर १९९९ ला, म्हणजे तीस वर्षं आणि एका दिवसानंतर, त्याच अल्बर्ट हॉलमध्ये, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर तो कॉन्सर्टो पुन्हा वाजला. ऑर्गनवर लॉर्ड, ड्रम्सवर पेस, बेसवर ग्लोव्हर, गायला गिलन. ब्लॅकमोर १९९३ मध्येच बँड सोडून गेलेला, त्यामुळे गिटारवर स्टीव्ह मोर्स. दोन्ही रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ ऐकली तर गंमत कळते. १९९९ चं वाजवणं जास्त स्वच्छ आहे, वादक मनापासून वाजवतायत, सांधेही बरेच बुजलेत. तरी मी वारंवार लावते ते १९६९ चंच. त्यात सगळेच घाबरलेले आहेत, आणि ते ऐकू येतं.

पुढच्या दोन वर्षांत बँडनं तो दक्षिण अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये फिरवला. लॉर्ड २००२ मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि नंतर ऑर्केस्ट्रासाठीच लिहीत राहिला. म्हणजे ब्लॅकमोरच्या पैजेतली शिक्षा जिंकणाऱ्यानं नाही, हरणाऱ्यानं भोगली, आणि तीही आवडीनं. १६ जुलै २०१२ ला तो गेला. त्याच वर्षी या कॉन्सर्टोचं पहिलंवहिलं स्टुडिओ रेकॉर्डिंग बाजारात आलं. त्रेचाळीस वर्षं लागली.

मित्राच्या बँडचं काय झालं, ते राहिलंच. मी त्यांच्या ग्रुपवर ‘स्टारगेझर’ टाकलं आणि खाली पेसचा तो सोलो. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कीबोर्डवाल्यानं कॉयर काढलं. मग टिंपनी. मग एकोणसाठ व्हायोलिनं. उरला एक चेलो, आणि तो मात्र खरा हवा, अशी अट ड्रमरनं घातली. खरा चेलो वाजवणारी एक मुलगी बऱ्याच शोधानं मिळाली. ती जॅमरूममध्ये आली, खुर्ची ओढली, चेलो लावला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘माझा कागद कुठाय?’’

आता कीबोर्डवाला रोज रात्री ऑफिसमधून आल्यावर नोटेशन लिहीत बसतो. मी त्याला एवढंच सांगितलंय, झेरॉक्स काढून ठेव.